कृपा आधी पोहोचते

१८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी रद्द करून तिचे रूपांतर जन्मठेपेत केले. हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाही. १९९० ते १९९६ या काळात आई आणि तिच्या दोन मुली यांनी कोवळ्या वयाची मुले पळवून नेली, चोऱ्या करताना कोणाला संशय येऊ नये म्हणून त्या मुलांचा आडोशासारखा उपयोग केला, आणि ती नकोशी झाली तेव्हा त्यांतील अनेकांना ठार मारले. खटला चालण्यापूर्वीच आई कारागृहात मरण पावली. दोघी मुलींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली आणि २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. त्यानंतरही आठ वर्षांनी फाशी टळली, तेव्हा लोकांच्या मनात संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता.

या निकालाच्या निमित्ताने एक प्रश्न पुन्हा ऐकू आला: अशी माणसे कधी बदलतात का? हा प्रश्न चावडीवर जसा विचारला जातो तसा चर्चच्या आवारातही विचारला जातो. मात्र ख्रिस्ती श्रद्धावंताला तो एवढ्यावर सोडून देता येत नाही. आपण दर रविवारी पापक्षमेवरील आपला विश्वास एकमुखाने जाहीर करतो. त्या विश्वासाला काही मर्यादा आहे काय? देवाची कृपा काही अंतरापर्यंतच जाते आणि त्यापलीकडे थांबते, असे आपण मानतो काय? आणि ती सर्वत्र जाते असे मानत असू, तर ज्या मातांची मुले परत आली नाहीत त्यांच्यासमोर आपण कोणत्या तोंडाने उभे राहावे? या लेखात आम्ही या प्रश्नांचा विचार करू इच्छितो.

कायद्याची दया आणि देवाची कृपा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. उच्च न्यायालयाने त्या दोघी बदलल्या आहेत असे म्हटलेले नाही, किंवा त्यांचा गुन्हा सौम्य होता असेही म्हटलेले नाही. दयेच्या अर्जावर निर्णय घेण्यास शासनयंत्रणेने वर्षानुवर्षे लावलेला विलंब हे त्या निकालाचे कारण होते. मृत्यूच्या छायेखाली माणसाला इतका काळ ताटकळत ठेवणे घटनेला मान्य नाही, हे तत्त्व न्यायालयाने लागू केले. म्हणजे कायद्याने शासनाला लावलेली ही शिस्त होती. तिला क्षमा म्हणणे चुकीचे ठरेल, आणि कृपा म्हणणे त्याहून चुकीचे.

तथापि माणूस बदलू शकतो काय, हा प्रश्न आपल्या कायद्यालाही परका नाही. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'दुर्मिळातील दुर्मीळ' हा निकष घालून दिला, तेव्हाच गुन्हेगाराच्या सुधारणेची शक्यता तपासली पाहिजे असे सांगितले. मे २०२२ मध्ये याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. फाशीचा निर्णय करण्यापूर्वी आरोपीचे कारागृहातील वर्तन, त्याची मानसिक स्थिती आणि त्याची पार्श्वभूमी यांविषयीची माहिती न्यायालयापुढे आली पाहिजे, असे त्याने बजावले. कायद्याने एवढी वाट चालली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु कायदा आणि कृपा यांच्या चालण्यात एक मूलभूत फरक आहे. कायद्याला पुरावा लागतो. माणूस आधी बदललेला दिसला पाहिजे, मग त्याला सवलत मिळेल, हा कायद्याचा क्रम होय, आणि कायद्यापुरता तो योग्यच आहे. कृपेचा क्रम मात्र उलटा आहे. ती आधी येते आणि ती आल्यामुळे माणूस बदलू लागतो.

जक्कयाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो यरीहोचा मुख्य जकातदार होता आणि लोकांना लुबाडून श्रीमंत झाला होता. प्रभू येशू उंबराच्या झाडाखाली थांबला आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हणाला, तेव्हा जक्कयाने अजून एक पैसाही परत केलेला नव्हता. पश्चात्तापाचा शब्दही त्याच्या तोंडून निघाला नव्हता. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचा आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचा संकल्प नंतर आला. लोक कुरकुरले ते नेमके या क्रमाबद्दल. आधी सुधार, मग जेवायला ये, असे प्रभूने म्हटले असते तर कोणाचीच तक्रार नव्हती.

ख्रिस्तसभेने हा क्रम पुढे आपल्या शिकवणीत स्पष्टपणे मांडला. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात या सत्यासाठी लेखणी झिजवली. ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मपरिषदेने असे प्रतिपादन केले की, श्रद्धेची पहिली हालचालसुद्धा देवाच्या कृपेनेच सुरू होते. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५४७ मध्ये तेच पुन्हा सांगितले आणि त्याला एक महत्त्वाची जोड दिली: कृपा आधी येते, पण माणसाने तिला होकार द्यावा लागतो, आणि तो नकारही देऊ शकतो. कृपा माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही. म्हणून कोण बदलेल आणि कोण बदलणार नाही याचे भाकीत करणे आपले काम नव्हे. जिथे कृपा अजून दिसत नाही तिथेही ती पोहोचू शकते, हे मानून वागणे एवढेच आपल्या हाती आहे.

आपल्या मातीतील दोन दाखले

देवाच्या कृपेला चर्चच्या कुंपणाची अडचण नसते. विश्वास आधी टाकावा आणि परिवर्तनाची वाट नंतर पाहावी, ही गोष्ट आपल्या कोल्हापूरने अख्रिस्ती सत्पुरुषांकडूनही अनुभवली आहे, आणि ती आपण कृतज्ञतेने मान्य केली पाहिजे.

१८७१ च्या इंग्रजी कायद्याने देशातील अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. त्यांच्या माणसांना पोलिसांकडे जाऊन रोज हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील ही हजेरीची पद्धत बंद केली. ज्यांना बघून लोक दाराला कडी घालत, त्या फासेपारधी समाजातील माणसांना त्यांनी निवारा दिला, काम दिले आणि चक्क पहाऱ्याच्या जागी नेमले. ज्यांना समाज चोर म्हणत होता त्यांच्याच हाती राखणदारी सोपवली गेली. त्या बांधवांवरील शिक्काच मुळात अन्यायाचा होता, हे येथे विसरता कामा नये. गुन्हा केलेला माणूस आणि गुन्हेगार ठरवलेला माणूस यांत अंतर आहे. तरीही महाराजांच्या कृतीतील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र मागून मग त्यांनी विश्वास दिला नाही. विश्वासच त्यांनी प्रथम दिला.

दुसरा दाखला शेजारच्या सांगली जिल्ह्यातील आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा तिला आश्रय होता आणि पोलंडमधून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची ती कल्पना होती. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांना तेथे उंच भिंतींवाचून, शेतावर, पुढे तर आपल्या बायकामुलांसह राहू देण्यात आले. पळून जाण्यास वाट मोकळी होती. माणसे पळाली नाहीत, राबली.

याच प्रयोगावरून कोल्हापूरच्या मातीत जन्मलेल्या व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा आटपाडी परिसराशी जिव्हाळ्याचे नाते असलेल्या ग. दि. माडगूळकरांची. सहा खुनी कैद्यांना घेऊन उजाड माळरानावर शेती करू पाहणारा जेलर त्यात आहे. कैदी एकदा पळून जायला निघतात, परंतु त्या जेलरचे डोळे त्यांची पाठ सोडत नाहीत आणि ते परत फिरतात. अखेरीस तो जेलर त्यांचे कष्ट वाचवताना आपला प्राण देतो. १९५८ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, हे अनेकांना ठाऊक आहे. त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेनेही त्याला आपला पुरस्कार दिला, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. चित्रपटात कोठेही क्रूस नाही, चर्च नाही. तरी आपल्या ख्रिस्तसभेच्या परीक्षकांचा कौल त्याला मिळाला, याचे आम्हाला नवल वाटत नाही. अपात्रावर टाकलेला विश्वास, त्यासाठी मोजलेली किंमत आणि त्या किमतीने बदललेली माणसे, ही गोष्ट कोणत्याही ख्रिस्ती माणसाला ओळखीची वाटावी अशीच आहे.

राखी आणि खुनी

आता ज्या घटनेकडे आम्हाला विशेष लक्ष वेधायचे आहे ती पाहू. ती महाराष्ट्राच्या सीमेपलीकडची, इंदूर परिसरातील आहे.

सिस्टर राणी मारिया या केरळातील पुल्लुवळी गावच्या. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी म्हणून त्या मध्य प्रदेशातील उदयनगर भागात काम करीत होत्या. सावकारांच्या पाशात अडकलेल्या गरीब आदिवासींना त्यांनी आपल्या हक्कांची जाणीव करून दिली, बचतीची सवय लावली, बँकेची वाट दाखवली. ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांनी समंदर सिंग नावाच्या तरुणाला पुढे केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, सहप्रवाशांच्या देखत, त्याने सिस्टर राणी मारिया यांच्यावर चाकूचे पन्नासाहून अधिक वार केले. कोणीही मध्ये पडले नाही. त्यांनी रस्त्यावरच प्राण सोडला.

समंदर सिंगला जन्मठेप झाली. तुरुंगात तो पश्चात्तापाने जळत नव्हता. ज्यांनी आपल्याला चिथावले आणि मग वाऱ्यावर सोडले त्यांचा सूड कसा घेता येईल, याच विचारात आपण होतो, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. अशा माणसाला भेटायला स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू जाऊ लागले. आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या सुमारास, सिस्टर राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या कारागृहात गेली. ती स्वतःही धर्मभगिनी. ज्या हाताने तिच्या थोरल्या बहिणीला भोसकले त्या हाताला तिने राखी बांधली आणि त्याला भाऊ मानले.

हा क्रम पुन्हा पाहावा. त्याने क्षमा मागावी आणि मग तिने द्यावी, असे घडले नाही. ती त्याच्या दारी आली तेव्हा तो सूडाने पेटलेला कैदी होता. ती राखी त्याच्या सुधारणेचे बक्षीस नव्हती. तिने त्याची सुधारणा सुरू केली.

पुढे सिस्टर राणी मारिया यांच्या कुटुंबाने आणि ख्रिस्तसभेने त्याच्या सुटकेसाठी लेखी विनंती केली आणि २००६ मध्ये तो शिक्षा पूर्ण होण्याआधी मुक्त झाला. त्यानंतर तो केरळात सिस्टरच्या माहेरी गेला. म्हाताऱ्या आईने त्याचे हात हाती घेतले आणि त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना माझ्या मुलीचे रक्त लागले आहे, म्हणून ते मला पवित्र आहेत, अशी तिची भावना होती. समंदर सिंग आपल्या गावी शेती करू लागला आणि उदयनगरला सिस्टरच्या कबरीवर जात राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये कार्डिनल आंजेलो आमातो यांच्या हस्ते सिस्टर राणी मारिया यांना 'धन्य' घोषित करण्यात आले. त्या सोहळ्यास तो खुनीही उपस्थित होता.

या घटनेतील एका बाबीची आज विशेष नोंद घेतली पाहिजे. आपल्या देशात 'परिवर्तन' हा शब्द ख्रिस्ती माणसाच्या तोंडून निघाला की लगेच धर्मांतराचा संशय घेतला जातो. सिस्टर सेल्मी त्या तुरुंगात राखी घेऊन गेली होती. ती राखी त्या माणसाच्या स्वतःच्या घरातील, त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीची. कृपेने त्याच्यापर्यंत जाण्यासाठी त्याच्याच संस्कृतीतील धागा निवडला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात हे स्पष्ट केले आहे की, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येत नाही. जी गोष्ट देव स्वतः बळाने करीत नाही ती त्याच्या नावाने कोणी बळाने किंवा आमिषाने करू लागला, तर तो कृपेचाच अवमान होय. हृदयाचे परिवर्तन हे देवाचे काम आहे. आपण त्याला केवळ हात द्यायचे.

मातांच्या अश्रूंचे काय?

येथपर्यंत वाचल्यावर कोणी म्हणेल, हे सारे ठीक, परंतु यात ज्यांचे गेले त्यांचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिली गोष्ट अशी की, क्षमा ही ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच देणगी असते. सिस्टर राणी मारिया यांच्या बहिणीने आणि आईने क्षमा केली, कारण जखम त्यांची होती. कोल्हापूर प्रकरणातील मुलांच्या आईवडिलांच्या वतीने क्षमा जाहीर करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, वृत्तपत्रांना नाही आणि आम्हा धर्मगुरूंनाही नाही. शोकात बुडालेल्या माणसाला 'आता क्षमा कर' असा घाईने उपदेश करणे हा त्याच्यावर होणारा दुसरा घाव ठरतो. क्षमा हीसुद्धा कृपाच आहे, आणि कृपा हुकमाने येत नाही. अशा घराशी आपले पहिले कर्तव्य सोबत करण्याचे, ऐकण्याचे आणि वर्षे लोटल्यावरही त्या मुलाचे नाव न विसरण्याचे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, कृपा पाप पुसते, पण सत्य पुसत नाही. धर्मशिक्षण असे सांगते की, पापनिवेदनाच्या संस्कारात पापाची क्षमा होते, तरी पापाने केलेली सर्व हानी आपोआप भरून निघत नाही. म्हणून भरपाई आणि प्रायश्चित्त उरतेच. जक्कयाने चौपट परत करण्याचे ठरवले ते याच कारणाने. जर्मनीतील लुथरन धर्मोपदेशक डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ मध्ये 'स्वस्त कृपे'विरुद्ध इशारा दिला होता. स्वस्त कृपा म्हणजे पश्चात्तापावाचून क्षमा आणि क्रूसावाचून ख्रिस्त. कृपा फुकट मिळते हे खरे, परंतु ती स्वस्त नाही. तिची किंमत कालवारीवर मोजली गेली आहे.

संत मारिया गोरेट्टी यांच्या मारेकऱ्याचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. १९०२ मध्ये अलेस्सांद्रो सेरेनेल्ली या तरुणाने बारा वर्षेही पूर्ण न झालेल्या मारियाला भोसकले, आणि तिने मरताना त्याला क्षमा केली. तो तत्काळ बदलला नाही. तुरुंगातील पहिली काही वर्षे तो कठोरच राहिला. त्याचे मन पालटले तेव्हाही त्याची शिक्षा संपली नाही. एकंदर २७ वर्षे त्याने तुरुंगात काढली. १९२९ मध्ये सुटल्यावर तो मारियाच्या आईसमोर क्षमा मागण्यास गेला, आणि जिला माझ्या मुलीने क्षमा केली त्याला मी कशी नाकारू, अशा भावनेने त्या माउलीने त्याला जवळ केले. उरलेले आयुष्य त्याने कॅपुचिन मठात बागकामासारखी कामे करीत घालवले. १९७० मध्ये तो वारला. कृपेने त्याची शिक्षा माफ केली नाही, तिने त्या शिक्षेला अर्थ दिला.

म्हणून कृपेवर विश्वास ठेवणे म्हणजे गुन्हेगारांना मोकळे सोडा असे म्हणणे नव्हे. समाजाचे रक्षण झालेच पाहिजे, दोषीला शिक्षा झालीच पाहिजे. मात्र शिक्षा अशी असावी की तिच्यात पश्चात्तापाला जागा राहील. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात जो बदल झाला त्याचे मर्म हेच होय. माणसाची प्रतिष्ठा अतिघोर गुन्ह्यानंतरही नष्ट होत नाही, आणि समाजाचे रक्षण करण्याचे इतर मार्ग आज उपलब्ध आहेत, म्हणून मृत्युदंड अग्राह्य आहे, अशी आता ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ज्या माणसाचा श्वास आपण बंद करतो त्याच्याकडून देव अजून काय मिळवू शकला असता, हे आपल्याला कधीच कळत नाही. दोघी बहिणी आता जन्मठेपेच्या कैदी आहेत. त्यांच्या अंतःकरणात काय चालले आहे ते देवाला ठाऊक. त्यांच्यासाठी प्रार्थना करणे कठीण वाटते, हे आम्हीही जाणतो. परंतु केवळ सोप्या माणसांसाठी प्रार्थना करण्याची मुभा प्रभूने आपल्याला दिलेली नाही.

आपल्या वाट्याचे काम

हा विचार येथेच संपवला तर तो कोरडा राहील. कोल्हापूर शहराला लागून कळंब्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या भिंतीजवळून आपल्यापैकी कित्येक जण ये-जा करतात. अंबाबाईच्या मंदिरातील प्रसादाचे लाडू या कारागृहातील कैद्यांच्या हातून तयार झाले आहेत, आणि भाविकांनी ते श्रद्धेने मस्तकी लावून खाल्ले आहेत. शहराने कैद्याच्या हातचे खाल्ले. त्याच कैद्याला सुटल्यावर शहराने काम दिले काय, खोली भाड्याने दिली काय, हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या समाजालाही लागू आहे.

कारागृहात असलेले सर्वच जण दोषी ठरलेले नसतात, हेही आपण लक्षात घेतले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. त्यांचा खटला अजून संपायचा होता. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही किंवा रक्कम नाही म्हणून अडकून पडणारे गरीब त्यांत असतात. अशा एखाद्याच्या जामिनाची सोय करणे, त्याच्या घरी शिधा पोहोचतो की नाही ते पाहणे, ही कृपेचीच कामे आहेत. त्यांना धर्मज्ञानाची पदवी लागत नाही.

आपल्या देशात या सेवेची परंपरा आहे. १९८१ मध्ये केरळात धर्मगुरुपदाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांनी सुरू केलेले कार्य आज 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' या नावाने देशभर चालते. तुरुंगातील भेटी, सुटून आलेल्यांसाठी निवारा, कैद्यांच्या मुलांचे शिक्षण असे त्याचे स्वरूप आहे. आउश्वित्झच्या छावणीत दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे त्याचे आश्रयदाते. त्यांचा सण १४ ऑगस्टला येतो, आणि त्या सुमारास, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, भारतातील ख्रिस्तसभा कारागृहसेवा रविवार पाळते. आपल्याकडे तो दिवस एका प्रार्थनेपुरता उरू नये, अशी आमची इच्छा आहे.

२६ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील रेबिब्बिया कारागृहात पवित्र द्वार उघडले. २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी एखाद्या महामंदिराइतकाच मान त्यांनी तुरुंगाला दिला. पुढे १७ एप्रिल २०२५ रोजी, पवित्र गुरुवारी, मृत्यूच्या अवघे चार दिवस आधी, थकलेल्या देहाने ते रोममधील रेजिना चेली कारागृहात कैद्यांना भेटण्यास गेले. दरवर्षीप्रमाणे पाय धुण्याची शक्ती त्यांच्यात उरली नव्हती. तरी ते तेथे गेले. त्या भेटीने किती कैदी बदलले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, आणि तो मांडण्यासाठी ते गेलेही नव्हते.

संत पौलाने तुरुंगातून फिलेमोनाला लिहिलेले पत्र नव्या करारातील सर्वांत लहान पत्रांपैकी एक आहे. पळून गेलेला दास अनेसिम याला तो धन्याकडे परत पाठवतो, त्याला दास न मानता बंधू म्हणून स्वीकार अशी विनवणी करतो, आणि त्याने काही नुकसान केले असेल तर ते माझ्या खात्यावर मांड असे सांगतो. फिलेमोनाने काय केले, ते त्या पत्रात नाही. पत्राचा निर्णय वाचणाऱ्यावर सोपवलेला आहे.

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरचा मुलगा शिक्षा भोगून परत येतो, तेव्हा ते पत्र आपल्या हाती पडते. मिस्साबलिदानाच्या वेळी तो शेवटच्या बाकावर बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. शांतीचा निरोप देताना हात त्याच्याकडे वळत नाहीत. ज्याचे त्याने नुकसान केले ते घर कदाचित दोन बाकांपुढे बसलेले असते, आणि त्या घराला काही काळ त्याच्याकडे पाहणेही जमणार नाही. त्यांना तो वेळ द्यावा. परंतु उरलेल्या आपण सर्वांना असे कोणतेही कारण नाही. पुढच्या रविवारी आपण त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसावे, मिस्सा संपल्यावर त्याला घरी चहाला बोलवावे, आणि कामाच्या शोधात असेल तर त्याच्यासाठी आपला शब्द खर्ची घालावा. तो खरोखर बदलला आहे की नाही, याची खात्री आपल्याला तेव्हा नसेल. जक्कयाच्या घरी जेवायला बसताना यरीहोतील लोकांनाही ती नव्हती.

कृपेचा दाता परमेश्वर आपल्या सर्वांना तेवढे धैर्य देवो.